प्रकल्प नोंदी: हॉल थ्रस्टरच्या प्लाझ्मा कोडची पडताळणी

४ ऑगस्ट २०२५

आजपासून कोडमध्ये नवं काही घालायचं नाही, असं बैठकीत ठरलं. हॉल थ्रस्टर म्हणजे प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, झोत फेकून यानाला ढकलणारं इंजिन. त्यातल्या प्लाझ्माचं कण आणि चौकटींची (सेलची) जाळी वापरून सिम्युलेशन करणारा आमचा द्विमितीय पार्टिकल-इन-सेल कोड उभा राहिलाय, चालतोय, आणि त्यातून देखणी रंगीत चित्रं येतात. मॅडमच्या मते धोका तिथेच आहे. चुकीचा प्लाझ्माही देखणाच दिसतो. तेव्हा आता फक्त पडताळणी.

कसोटी म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेला बेंचमार्क, म्हणजे कोड ताडून पाहायचा ठरावीक नमुना-प्रश्न, घेतोय. फ्रान्स, जर्मनी, कॅनडा आणि अमेरिकेतल्या सात गटांनी आपापले, एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकाच ठरवून दिलेल्या प्रश्नावर चालवले आणि निकालांची आकडेवारी सगळ्यांसाठी खुली ठेवली. प्रश्न म्हणजे हॉल थ्रस्टरच्या कंकणाकृती नळीचा उलगडून सपाट केलेला तुकडा. अक्षाच्या दिशेने २.५ सेमी, परिघाच्या दिशेने १.२८ सेमी. परिघाच्या दिशेला एका टोकाने बाहेर पडलेला कण दुसऱ्या टोकाने आत येतो. अॅनोड २०० व्होल्टवर, वायू झेनॉन, चुंबकी क्षेत्र अॅनोडपासून ०.७५ सेमीवर सगळ्यांत जास्त म्हणजे १०० गॉस. सुरुवातीची घनता दर घनसेंटिमीटरला ५० अब्ज इलेक्ट्रॉन आणि तेवढेच आयन. सेल ५० मायक्रोमीटरचा, म्हणजे ५०० गुणिले २५६ सेल. काळाची एक स्टेप ५ पिकोसेकंदांची, एकूण काळ २० मायक्रोसेकंद. झाल्या ४० लाख स्टेप.

‘कमी तापमानाचा प्लाझ्मा’ म्हणतात खरं, पण यातले इलेक्ट्रॉन सहज लाखभर केल्विनच्या वर असतात. थंड असतात ते आयन आणि वायू.

५ ऑगस्ट

नवीन आलेल्या एम.एस्सी.च्या मुलीने विचारलं, "ताई, सात कोडांचं उत्तर आधीच आलंय, मग आपण आठवं कशाला काढायचं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवते.

हॉल थ्रस्टर १९७० च्या दशकापासून अवकाशात उडतायत. सोव्हिएत संघाने सुरुवात केली, २००३ मध्ये उडालेलं युरोपचं स्मार्ट-१ यान याच्याच जोरावर चंद्रापर्यंत गेलं, आणि यंदा मार्चमध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या थ्रस्टरची १००० तासांची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. यंत्र चालतं, पण त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्र ओलांडून अॅनोडकडे इतक्या सहज कसे जातात, हे टकरींच्या हिशेबात बसत नाही. टकरी धरून जेवढे जायला हवेत त्याहून खूप जास्त जातात. संशय आहे परिघाच्या दिशेने धावणाऱ्या मिलिमीटरभर लांबीच्या लहरींवर. त्या लहरी मोजणं अवघड, म्हणून सगळी भिस्त सिम्युलेशनवर.

आणि नेमकं इथेच सिम्युलेशन फसवू शकतं. आपण खऱ्या अब्जावधी इलेक्ट्रॉनांच्या जागी मोजके जाडजूड कण घेतो. त्यामुळे विद्युत क्षेत्रात खडखडाट येतो, त्या खडखडाटाने इलेक्ट्रॉन विखुरतात, आणि विखुरलेला इलेक्ट्रॉन चुंबकी क्षेत्र ओलांडतो. म्हणजे आपण जो परिणाम शोधतोय तोच परिणाम कोडमधला दोष आयता तयार करून देतो. उत्तर ‘हवं तसं’ आलं म्हणून खूश होण्याची सोय नाही.

८ ऑगस्ट

एकट्या कणाच्या चाचण्या. विद्युत क्षेत्र शून्य, १०० गॉसचं एकसारखं चुंबकी क्षेत्र, १० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक इलेक्ट्रॉन. तो ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या १.०७ मिमी यायला हवी, आली. कण पुढे सरकवायची बोरिसची पद्धत वेगाचं परिमाण बदलू देत नाही, त्यामुळे वर्तुळ शेवटपर्यंत तेवढंच राहतं. चूक असते ती फेरीच्या वेळेत: दर स्टेपला कोन किंचित कमी फिरतो. कागदावर हिशेब केला. २० मायक्रोसेकंदांत सुमारे ५६०० फेऱ्या होतात आणि शेवटी इलेक्ट्रॉन खऱ्या जागेच्या १३ अंश मागे पडला पाहिजे. कोडमध्ये तो १३ अंशच मागे पडला.

या १३ अंशांचा मला शून्य चुकीपेक्षा जास्त भरवसा वाटतो. पद्धतीची चूक किती असायला हवी हे आधी माहीत असेल आणि कोड तेवढीच चूक करत असेल, तर आत दुसरं काही लपलेलं नसण्याची शक्यता वाढते. शून्य चूक आली असती तर मी चाचणीच तपासली असती.

दोन्ही क्षेत्रं एकत्र लावून वाहण्याचा वेग पाहिला: मीटरला २० हजार व्होल्ट आणि १०० गॉस, वेग सेकंदाला २००० किमी. बरोबर. झेनॉन आयनाचं वळण तपासण्यात अर्थ नाही. २०० व्होल्टमधून निघालेल्या आयनाची त्रिज्या दोन मीटरहून जास्त येते आणि आपली पेटी अडीच सेंटिमीटरची आहे. बेंचमार्कमध्ये आयन सरळच जातात असं धरलंय, ते योग्यच आहे.

११ ऑगस्ट

पॉयसनचं समीकरण, म्हणजे विद्युतभारावरून विभव (व्होल्टेज) काढायचं समीकरण. उत्तर आधी ठरवायचं, त्याच्यावरून विद्युतभार काढायचा, तो सॉल्व्हरला द्यायचा आणि तेच उत्तर परत येतं का पाहायचं. सेल निम्मे केले की चूक चौथाई व्हायला हवी, होते.

प्लाझ्मा दोलनांची चाचणीही झाली. बेंचमार्कच्या सुरुवातीच्या घनतेला एक दोलन साधारण १०० स्टेपमध्ये पूर्ण होतं, म्हणजे स्टेप पुरेशी बारीक आहे. डेबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मा एखाद्या भाराचा प्रभाव झाकून टाकतो ती (सेल तिच्याहून लहान हवा), १० इलेक्ट्रॉन-व्होल्टला १०५ मायक्रोमीटर, सेलच्या दुप्पट. घनता चौपट झाली आणि तापमान तेवढंच राहिलं तर ती ५३ वर, जवळजवळ सेलइतकी उतरेल. म्हणून प्रत्येक सेलमधलं हे गुणोत्तर रनच्या दरम्यान छापत राहायचं.

१४ ऑगस्ट

आज दिवसभर एकाच आकड्याशी झटापट: ९५.८९.

या बेंचमार्कमध्ये उदासीन वायू नाही आणि टकरीही नाहीत. आयनीकरण कुठे आणि किती हे वरून ठरवून दिलंय: अॅनोडपासून ०.२५ ते १ सेमीच्या पट्ट्यात, कोसाइनच्या आकाराने, एकूण आयन प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे ४०० अँपिअर होईल असं. दर सेलला ७५ कण धरून आपल्या एका कणाचं वजन काढलं आणि दर स्टेपला किती इलेक्ट्रॉन-आयन जोड्या टाकायच्या याचा भागाकार केला, तर ९५.८९ येतात. पूर्णांक नाही. मग ०.८९ चं काय करायचं? आपला कोड उरलेला अपूर्णांक पुढच्या स्टेपला नेतो. काही कोड ० ते १ मधला यादृच्छिक आकडा काढून तो ०.८९ हून कमी असेल तर ९६, नाहीतर ९५ टाकतात. दोन्ही चालतं. तपासलं: दहा हजार स्टेपनंतर टाकलेल्या जोड्यांची बेरीज कागदावरच्या हिशेबाशी एका जोडीच्या आत जुळते.

कॅथोडचा नियम याहून सोपा आहे. त्या स्टेपमध्ये अॅनोडवर जितके इलेक्ट्रॉन शोषले गेले त्यातून तिथे पोचलेले आयन वजा करायचे, आणि तितके इलेक्ट्रॉन २.४ सेमीच्या रेषेवरून आत सोडायचे. सगळे पूर्णांक.

मॅडमनी आणखी एक गोष्ट करायला लावली. कोडने दर हजार स्टेपला जमाखर्च लिहायचा: किती कण आले, किती कुठल्या भिंतीवर गेले, किती शिल्लक आहेत. जमा वजा खर्च बरोबर शिल्लक. एका कणाचाही फरक चालणार नाही. मला वाटलं होतं हे जरा अतीच आहे. (नंतरची भर: आता वाटत नाही, कारण पुढे येईलच.)

१८ ऑगस्ट

पहिला पूर्ण रन क्यूमध्ये. आपल्याआधी लांबलचक रांग आहे.

२२ ऑगस्ट

रन क्यूमध्येच असल्याने जीपीयूवरच्या आवृत्तीकडे वळलो. तिथे सगळं सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे नेहमीच्या डबलच्या निम्म्या लांबीच्या ३२ बिटी आकड्यांत, करायचा मोह होतो. वेग जवळजवळ दुप्पट मिळतो आणि मेमरी निम्मी लागते. आमच्यातल्या एकाने तसा रन करूनही पाहिला होता, चित्र नेहमीसारखं देखणंच आलं.

हिशेब मात्र भयंकर आहे. ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झेनॉन आयन एका दिशेने साधारण सेकंदाला ६०० मीटर जातो, म्हणजे ५ पिकोसेकंदांच्या एका स्टेपमध्ये ३ नॅनोमीटर. परिघाच्या दिशेचं स्थान मीटरमध्ये साठवलं, तर पाऊण सेंटिमीटरच्या पुढे सिंगल प्रिसिजनचा सगळ्यांत लहान टप्पा ०.९३ नॅनोमीटरचा असतो. याचा अर्थ, सेकंदाला ९३ मीटरहून हळू जाणारा आयन त्या दिशेने हलतच नाही. दर स्टेपला त्याचं नवं स्थान काढलं जातं, गोळाबेरीज होते आणि तो पुन्हा जुन्याच जागी. नव्याने जन्मलेल्या आयनांपैकी दर आठांतला एक साधारण याच वर्गातला. शिवाय पेटीच्या खालच्या भागात टप्पा बारीक आणि वरच्या भागात जाड, म्हणजे परिघाच्या दिशेने सगळं सारखं असायला हवं ही अटच मोडली.

उपाय माहितीतलाच आहे: स्थान मीटरमध्ये ठेवायचंच नाही. कण कुठल्या सेलमध्ये आहे तो क्रमांक वेगळा आणि सेलच्या आत कुठे हा ० ते १ मधला अपूर्णांक वेगळा. मग टप्पा ५० मायक्रोमीटरच्या काही कोटी भागांपैकी एक, म्हणजे काही पिकोमीटर. तसा बदल केला. विभव आणि कणांच्या बेरजा डबलमध्येच ठेवल्यात. लाखो लहान आकड्यांची बेरीज सिंगलमध्ये करणं हा वेगळाच खड्डा आहे.

२८ ऑगस्ट

गणपतीत क्लस्टर रिकामा. दर सेलला ७५, १५० आणि ३०० कणांचे तिन्ही रन एकदम लागले. प्रसादाचे मोदक खाऊन येईपर्यंत पहिल्याने ३ मायक्रोसेकंद ओलांडले होते.

३ सप्टेंबर

तिन्ही रन पूर्ण. १६ ते २० मायक्रोसेकंदांची सरासरी घेऊन, परिघाच्या दिशेनेही सरासरी काढून तीन आलेख बनवले: अक्षीय विद्युत क्षेत्र, आयन घनता आणि इलेक्ट्रॉन तापमान. त्या सात कोडांनी आपापसांत जो ५ टक्क्यांचा पट्टा दाखवलाय त्यात आपले तिन्ही बसतात. कण ७५ वरून ३०० वर नेले की क्षेत्रातला खडखडाट निम्मा होतो, सरासरी मात्र जागची फारशी हलत नाही. हेच हवं होतं.

एका क्षणाचं चित्र त्यांच्या चित्राशी ताडून पाहण्याचा मोह आवरायचा. लहरींचा प्लाझ्मा गोंधळी असतो. आपलाच कोड यादृच्छिक आकड्यांच्या वेगळ्या बीजाने (सुरुवातीच्या आकड्याने) चालवला तरी त्या क्षणाचं चित्र वेगळं येतं. तुलना करायची ती सरासरीची आणि स्पेक्ट्रमची (कुठल्या लहरीत किती जोर आहे याची).

गटात पेढे वाटायची भाषा सुरू झाली. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुमच्या चाचण्यांचीच अजून चाचणी झालेली नाही."

८ सप्टेंबर

ठरलं ते असं: गटातल्या एकाने कोडच्या वेगवेगळ्या प्रतींमध्ये गुपचूप एकेक दोष पेरायचा. मी त्या प्रती आंधळेपणाने सगळ्या चाचण्यांमधून काढायच्या आणि कुठली चाचणी ओरडते ते लिहायचं. आजवर जे समजलं ते:

पहिल्या प्रतीत काहीच सापडेना. वर्तुळं बरोबर, पॉयसन बरोबर, तिन्ही आलेख पट्ट्यात. प्रवाहाचा अॅनोडपासून कॅथोडपर्यंतचा आलेखही सपाट, म्हणजे भार कुठे साठत नाही. जमाखर्चाच्या वहीने पकडलं: भिंतींवर गेलेल्या आयनांची बेरीज ४०० ऐवजी ३९६ अँपिअरला जुळत होती. ९५.८९ मधला अपूर्णांक पुढे न नेता टाकून दिला होता, दर स्टेपला ९५ जोड्या. एक टक्क्याहूनही कमी कमतरता, ५ टक्क्यांच्या पट्ट्यात ती बिनबोभाट मावते. वजन बदललं की हीच कमतरता बदलते, त्यामुळे वेगवेगळ्या कणसंख्येचे रन ताडून पाहणाऱ्याला वाटेल की आपल्याला कणसंख्येचा परिणाम दिसतोय. सेलला १० कण धरले तर भागाकार १२.७९ येतो, १२ वर कापलं की ६ टक्के गेले.

दुसऱ्या प्रतीत, परिघाची दोन टोकं जिथे जुळतात त्या घडीवरचा दोष होता. परिघाच्या दिशेला पहिली आणि शेवटची ग्रिड-रेषा एकच, म्हणून दोन्हींवर पडलेला भार एकत्र करायला लागतो. तो केलेला नव्हता. त्या रेषेवर घनता निम्मी. पण इलेक्ट्रॉन आणि आयन दोघांचीही निम्मी, त्यामुळे निव्वळ भाराचा फरक लपतो, आणि २५६ रेषांच्या सरासरीत घट ०.२ टक्के. ग्रिडवरची एकूण घनता आणि कणांची मोजणी ताडून पाहिली की लगेच कळतं. चित्र नीट न्याहाळलं तरी कडेला एक बारीक फिकट रेघ दिसते. पण रंगांची पट्टी जरा सैल लावली की तीही दिसेनाशी होते.

तिसरी सोपी होती. २.४ सेमीवर सरासरी विभव शून्य यावं म्हणून पॉयसनच्या उत्तरातून एक सरळ उतार वजा करायचा असतो, तो काढून टाकला होता. एका ओळीच्या छपाईत सापडलं.

१२ सप्टेंबर

चौथ्या प्रतीने सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला.

कोड चार प्रोसेसमध्ये वाटलेला, प्रत्येकीकडे परिघाचा एक चतुर्थांश. पेरलेला दोष: चौघींच्या यादृच्छिक आकड्यांचं बीज एकच. म्हणजे पहिल्या तुकड्यात जिथे कण जन्मला, बरोबर त्याच जागी उरलेल्या तीन तुकड्यांतही जन्मला. जमाखर्च चोख, आलेख पट्ट्यात, एकट्या कणाच्या चाचण्यांचा प्रश्नच नाही. सापडलं ते परिघाच्या दिशेच्या स्पेक्ट्रममध्ये. सुरुवातीच्या काळात ४ च्या पटीतलेच मोड (मोडचा क्रमांक म्हणजे परिघाच्या दिशेने पेटीत मावणाऱ्या लहरींची संख्या) जिवंत, मधले सगळे मेलेले. गोम अशी की अपेक्षित मिलिमीटरभराची लहर म्हणजे साधारण बारावा-तेरावा मोड, आणि १२ हा ४ च्या पटीतच बसतो. फक्त सगळ्यांत उंच शिखर कुठे आहे एवढंच पाहिलं असतं, तर ‘लहर अपेक्षित जागी सापडली’ असं लिहून मोकळी झाले असते.

स्पेक्ट्रमची चाचणी म्हणून आता बदलली: शिखराची जागा आणि त्याशिवाय शेजारच्या मोडांची पातळी, तीही सुरुवातीच्या मायक्रोसेकंदापासून.

पाचव्या प्रतीत कणांचा सुरुवातीचा वेग अर्धी स्टेप मागे नेलेला नव्हता. बेंचमार्कमध्ये याचा काहीही मागमूस नाही. सुरुवातीचे कण बाहेर पडतात, नवे येतात. फक्त ८ ऑगस्टच्या वर्तुळाच्या चाचणीत मध्यबिंदू ४.७ मायक्रोमीटर सरकलेला दिसला, सेलच्या दहाव्या भागाइतका. त्रिज्या आणि फेरीचा काळ दोन्ही बरोबरच होते, म्हणजे मध्यबिंदू मोजला नसता तर तिथेही सुटलं असतं.

१६ सप्टेंबर

या बेंचमार्कने काय तपासलं जात नाही याची यादी आजच्या बैठकीत काढली. टकरी नाहीत. आयनीकरण वरून दिलेलं, म्हणून वायू संपणं-भरणं आणि त्यातून येणारी किलोहर्ट्झमधली प्रवाहाची वरखाली दिसणारच नाही. तिसरी दिशा नाही. शिवाय सातही कोड एकाच कुळातले, कण आणि ग्रिडवाले. त्यांचं एकमत म्हणजे समीकरणं बरोबर सोडवली. खऱ्या थ्रस्टरला ती समीकरणं पुरतात का हे प्रयोगच सांगेल.

टकरींसाठी २०१३ चा हेलियमचा एकमितीय बेंचमार्क घेतला आहे: ६.७ सेमी अंतरावरच्या दोन पट्ट्या, १३.५६ मेगाहर्ट्झ, ३० ते १००० मिलिटॉर दाबाची चार उदाहरणं. यात चुंबकी क्षेत्र नाही, पण टकरींचा भाग वेगळा काढून तपासायला तेच सोयीचं. तिथे पाच कोडांची तुलना डोळ्यांनी आलेख पाहून केलेली नाही, संख्याशास्त्रीय कसोट्या लावून केली आहे. आपल्याकडेही ‘पट्ट्यात बसतं’ हे वाक्य अहवालातून काढायचं आणि त्याजागी सरासरीची अनिश्चितता किती आणि फरक तिच्या किती पट, हे लिहायचं.

१९ सप्टेंबर

अहवालाच्या मसुद्यावर चर्चा. पेरलेल्या दोषांचा तक्ता घालायचा की नाही यावर बराच वेळ गेला. एक मत असं की परीक्षकांना वाटेल कोड दोषांनी भरलाय. मॅडम तक्त्याच्या बाजूने, मीही. कुठला दोष कुठल्या चाचणीत सापडतो आणि कुठल्यात सापडत नाही, हे कोड वापरणाऱ्या पुढच्या माणसाला तीन सुंदर आलेखांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तक्ता राहिला, परिशिष्टात नाही, मुख्य मजकुरात.

सोमवारपासून २०२१ चा त्रिज्या-परिघ प्रतलातला बेंचमार्क: दोन्ही बाजू १.२८ सेमी, २०० गॉस, मीटरला १० किलोव्होल्ट. यात त्रिज्येच्या दिशेला भिंती आहेत. भिंतीवर गेलेल्या कणांचा जमाखर्च आधी लिहायचा, रन त्यानंतर लावायचा.